न ढवळलेल्या पाण्याचं तापमान

तीर्थरूप आत्याबाई,

काल तुमचं तेरावं झालं. पाहुणे गेले, मोठी पातेली माळ्यावर गेली आणि आज दुपारपासून मी वही उघडून बसले आहे. परवा सोमवारी मला कॉलेजात परत जायचं आहे, आणि अकरावीला नेमका उष्णता आणि तापमानाचा धडा सुरू करायचा आहे. झोपेतून उठवून विचारलं तरी मी तो धडा शिकवीन, असा माझा तोरा होता. आज मला त्याचं पहिलं वाक्य सुचत नाहीये. म्हणून हे पत्र!

तुम्ही असतात, तरी ते कुणाकडून तरी वाचूनच घेतलं असतं. गंगापूरच्या शाळेत दोन वर्षं उर्दूची पाटी गिरवलीत, तोवर निजामावरची पोलीस ॲक्शन झाली, शाळा मराठीत गेली आणि तुम्ही सासरी आलात. "मला अक्षर येतं, पण ते तुमच्या कामाचं नाय," असं हसत हसत म्हणायचात. मग कुणीतरी पत्र वाचायचं आणि तुम्ही डोळे मिटून ऐकायचं. तसंच ऐका आता.

मला तुमच्या पायांबद्दल बोलायचं आहे.

तुम्हाला शेवटची अंघोळ घालायला आम्ही चौघी होतो. पाणी मी घालत होते. लुगडं बाजूला झालं आणि मला तुमच्या नडग्या दिसल्या. गुडघ्याखालून घोट्यापर्यंत, दोन्ही पायांवर, पांढुरके, चकचकीत ओघळ. जुनं भाजल्याचे डाग! तीस वर्षं तुमची सून म्हणून एका घरात राहून मी ते कधी पाहिले नव्हते. मी सुमनवन्संकडे पाहिलं. तुमच्या लेकीनं मान फिरवली आणि पदर तोंडात धरला.

तेरा दिवस मी दम धरला. काल पाहुणे गेल्यावर वन्संना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. म्हटलं, "सांगा." त्या म्हणाल्या, "वहिनी, आईनं मला बाळाची शपथ घातली होती. पर आता आईच ऱ्हायली नाय. कुणासाठी गप बसू?"

ते मंजूच्या अंघोळीचं पाणी होतं, आत्याबाई. मी मोजून दिलेलं.

त्या दिवसांत घरात काय ताण होता, आठवतं ना? मंजू अडीच महिन्यांची. माझी रजा संपत आलेली. सुनेनं कॉलेजात शिकवायला जाणं घरात दोघांनाच मान्य होतं, मला आणि ह्यांना. तुमचं मत कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. मामंजींनी मात्र सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "रजा हाय तवर बघू. पोरीला जरा जरी इजा झाली तर कॉलेज बंद. मग माझ्यापाशी रडायचं काम नाय." कचेरीत आयुष्य गेलेला माणूस तो! एकदा शेरा मारला की मारला. ते बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसायचे, पण कान न्हाणीकडे असायचे.

आणि त्याच आठवड्यात अंघोळीनंतर मंजूची पाठ लालबुंद झाली. दोन तासांनी उतरली, पण मी घाबरले. माझा राग तर सदा नाकाच्या शेंड्यावर! मी तुम्हाला म्हटलं, "तव्यावरची भाकरी तुम्ही नुसत्या हातानं उलथता. त्या हाताला बाळाचं पाणी काय कळणार?"

तुम्ही हाताकडे पाहिलंत. म्हणालात, "तसंबी असंल."

हे वाक्य मी किती सहज बोलून गेले होते! सात पोरं न्हाऊमाखू घातलेला हात होता तो. तुमची पाच आणि दोन जावेची.

दुसऱ्याच दिवशी मी औरंगपुऱ्यातल्या दुकानातून पाऱ्याचा थर्मामीटर आणला, प्रयोगशाळेतला, लांब काचेचा. त्याला दोरा बांधला आणि तो बादलीच्या कडीला अडकवला. तुम्ही पाटावर बसून माझे उद्योग बघत होतात. मग मी शिकवायलाच लागले. पाणी म्हणजे बारीक बारीक कण, ते एका जागी कधी थांबत नाहीत. पाणी तापलं की ते जास्त जोरात पळतात, एकमेकांना धडका देतात. त्यांच्या ह्या पळण्यात जी ऊर्जा असते तिची सरासरी म्हणजे तापमान.

"सगळे सारखेच पळत्यात?" तुम्ही विचारलंत.

"नाही हो. कुणी जोरात, कुणी हळू. म्हणून तर सरासरी."

"मग तुझी काडी इचारती कुणाला?"

मी पोट धरून हसले. काडी कणांना विचारत फिरते, अशी कल्पनाच मला भारी वाटली. वन्संही हसल्या. तुम्हीसुद्धा थोडं हसलात, हसावं लागतं म्हणून. पुढचे आठ दिवस रोज मी आकडा सांगायचे आणि तुम्ही मंजूला घ्यायचात.

मग तो गुरुवार आला. सोमवारी मला रुजू व्हायचं होतं.

थंडी कडक होती. हौदातल्या पाण्याला हात लावला की हाडापर्यंत कळ जायची. आधी विसण, म्हणजे गार पाणी, बादलीत काढलं. मग बंबाची तोटी उघडली. रोज मी तांब्याने ढवळायचे. त्याच्या आदल्या दिवशी तांब्या थर्मामीटरला लागला होता, टण्‌कन. काच वाचली, पण माझा जीव वर-खाली झाला. फुटला असता तर पारा बाळाच्या पाण्यात! म्हणून त्या दिवशी मी ढवळलंच नाही. तोटीचं पाणी बादलीच्या कडेनं अलगद सोडत राहिले आणि नजर आकड्यावर ठेवली. पारा काही चढेना. तेवीस, चोवीस. मी तोटी आणखी उघडली. अठ्ठावीस. आणखी. बंब जवळजवळ रिकामा झाला तेव्हा कुठे पारा हवा तिथे आला.

मी, एम.एस्सी. झालेली बाई! थर्मामीटरचा फुगा बादलीच्या तळाशी लोंबकळत होता. ऊन पाणी हलकं, ते वर तरंगतं. गार पाणी जड, ते खाली बसून राहतं. तळाचे कण मुंगीच्या चालीनं आणि वरचे बेभान, आणि दोघांची नीट गाठच पडलेली नव्हती. न ढवळलेल्या पाण्याला एक तापमान नसतंच, आत्याबाई! माझ्या काडीनं फक्त तळाच्यांना विचारलं होतं. तुम्ही आठ दिवस आधी विचारलेला प्रश्न चोख होता आणि मी त्यावर पोट धरून हसले होते.

तुम्ही लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून पाटावर पाय पसरून बसला होतात. वन्सं दारात मंजूला घेऊन, तिच्या अंगाला तेल चोळत. मला तुमचा आवाज अजून ऐकू येतो.

"किती म्हनती काडी?"

"अडतीस."

"मग घेऊ?"

"घ्या."

न्हाणीच्या उंबऱ्यावर उभी राहून मी उंटावरून शेळ्या हाकत होते. तुम्हाला आकडा वाचता येत नव्हता, म्हणून तुम्ही मला विचारलंत. हाताला तर मीच नालायक ठरवलं होतं, म्हणून त्या दिवशी तुम्ही पाण्यात हातही घातला नाहीत. पण एक रीत तुम्ही सोडली नाहीत. बाळाला गार पायांवर निजवायचं नाही म्हणून पहिला तांब्या स्वतःच्या पायांवर घ्यायचा. वरवरचं पाणी भरून घेतलंत आणि दोन्ही नडग्यांवर ओतलंत.

मी त्या वेळी कोनाड्यातून डाळीचं पीठ आणि साबण काढत होते. माझी पाठ होती. मला फक्त तांब्या फरशीवर पडल्याचा आवाज आला.

बाहेरून मामंजी ओरडले, "काय झालं?"

"काय नाय. तांब्या निसटला," तुम्ही म्हणालात. मग मला, अगदी सपाट आवाजात, "विजया, कोरडं दुपटं आन गं. माडीवरच्या पेटीतलं."

दुपटं दोरीवर होतं की! तरी मी माडीवर गेले. तुम्ही मला कशाला पाठवताय, हा विचारसुद्धा मनात आला नाही.

त्या चार-पाच मिनिटांत काय झालं ते मला काल कळलं. वन्सं सांगत होत्या, तुमचे दात एकमेकांवर घट्ट बसले होते आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण तोंडातून ब्र निघाला नाही. त्या ओरडणार होत्या, तर तुम्ही त्यांचं मनगट आवळलंत. म्हणालात, "गप. तुझ्या बापाच्या कानावर गेलं तर तिची नौकरी गेली. लई शिकलीय ती. एका बादलीपायी घरी बसवायची व्हय तिला?" मग मंजूच्या डोक्यावर वन्संचा हात ठेवून शपथ घातलीत. थर्मामीटर दोऱ्याने अलगद वर काढलात, फडक्यात गुंडाळून कोनाड्यात ठेवलात. फुटू नये म्हणून! पायांची कातडी सोलवटत असताना तुम्हाला माझ्या काचेची काळजी! हौदातलं गार पाणी आधी पायांवर घेतलंत, मग बादलीत घातलंत, कोपरापर्यंत हात घालून ढवळलंत, आणि त्याच पायांवर माझ्या लेकीला निजवून अंघोळ घातलीत.

मी खाली आले तर हे असं! बादली काठोकाठ, थर्मामीटर कोनाड्यात. माझं डोकं फिरलं.

"पाणी कुणी घातलं ह्यात?"

"मीच. जरा गरम लागलं."

"लागलं? मी मोजून दिलं होतं! तुम्हाला माझं काही पटतच नाही का? सरळ सांगा ना, सून कॉलेजात जाते ते डोळ्यांत खुपतं म्हणून!"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. मामंजी दारात येऊन उभे राहिले. "कसला गोंधळ हाय?" तुमचे पाय साबणाच्या फेसात होते, वर मंजू हातपाय झाडत होती. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "तिनं बराबर काढलं होतं पानी. मीच घोळ घातला. जा तुम्ही, गार वारं येतंय पोरीला."

ते गेले आणि मी जिंकले. सोमवारी तास घ्यायला उभी राहिले तेव्हा मी किती खूश होते!

पुढचे तीन आठवडे तुम्ही लंगडत होतात. "गुडघा धरलाय," म्हणालात. मंजूची अंघोळ वन्संनी घातली. मांडी घालून जेवायला बसता येईना म्हणून स्टुलावर ताट घेतलंत, तर मी ह्यांना म्हटलं, "आत्याबाईंचा रुसवा अजून गेला नाही वाटतं." दुपारी गच्चीवर वन्सं तुमच्या पायांना कोरफडीचा गर लावत होत्या तेव्हा मी कॉलेजात होते. बरं वाटल्यावर तुम्ही अंघोळीची वेळच बदललीत, मी घराबाहेर पडल्यावरची केलीत. मला वाटलं, माझा थर्मामीटर नको म्हणून.

इथवर सांगणं सोपं आहे. पुढचं जड जातं.

त्या वर्षीपासून मी हा धडा तुमच्या गोष्टीने सुरू करायला लागले. "आमच्या सासूबाई म्हणतात, काडी कणांना विचारते!" पोरं हसायची. मग पुढे, मी अचूक मोजलेल्या पाण्यात त्यांनी कसं गार पाणी ओतलं. कारण त्यांचा विश्वास हातावर, आकड्यावर नाही. पोरं आणखी हसायची. मग मी गंभीर होऊन म्हणायचे, "स्पर्श फसवतो, मापन फसवत नाही." हे वाक्य पोरं वहीत चौकटीत लिहून घ्यायची. दर वर्षी, आत्याबाई! किती पोरं झाली असतील, विचार करा. गुलमंडीत साडी घ्यायला गेले तर गल्ल्यावरचा जुना विद्यार्थी विचारायचा, "मॅडम, काडीवाली गोष्ट अजून सांगता का?"

एका दिवाळीला आपल्याच गल्लीतली एक विद्यार्थिनी फराळाला आली होती. तुम्हाला बघून तिला राहवलं नाही. "मॅडम, ह्याच का त्या? काडीवाल्या आजी?" आणि तिनं सगळी गोष्ट तुमच्या तोंडावर सांगितली, माझे हातवारे करून. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. आणि तुम्ही? तुम्ही हसलात. "व्हय गं बाई, आमी अडाणी मान्सं," म्हणालात आणि तिच्यासाठी आणखी चिवडा आणायला उठलात. उठताना लुगड्याचा काठ खाली ओढलात. हे मला तेव्हा दिसलं होतं. त्याचा अर्थ काल लागला.

रात्री मी माफी मागायला आले, तर तुम्ही म्हणालात, "पोरं शिकली ना त्यातनं? मग झालं तर."

काय शिकली? चुकीचं शिकली!

मला रडू येतं आणि त्याहून जास्त तुमचा राग येतो. मामंजींच्या भीतीनं गप्प बसलात, ते समजू शकते. पण ते जाऊन अठरा वर्षं झाली. मग का नाही सांगितलंत? मी वर्गात तोंड वर करून खोटं शिकवतेय, हे ठाऊक असूनही? मला हे ऐकून सोसवणार नाही असं वाटलं? की मी तुमच्यावरच उलटेन असं वाटलं? ते तर मी केलंच असतं बहुतेक. पुरावाच मागितला असता, "डाग दुसऱ्या कशाचे नसतील कशावरून?" मला ओळखत होतात तुम्ही. तरी एकदा तरी लुगडं वर करून दाखवायचं होतं, आत्याबाई! भांडायचं तरी होतं माझ्याशी!

काल रात्री जेवताना मंजूला सगळं सांगितलं. ती तुमच्यासाठी पुण्याहून आलीय. ऐकताना तिनं स्वतःच्या हातांवरून हात फिरवला. एक डाग नाही पोरीच्या अंगावर. मग तिनं विचारलं, "आई, पाणी किती गरम होतं?"

तोंडावर आकडा फेकणारी मी, आणि जो आकडा कळायला हवा होता तो मी मोजलाच नव्हता.

आज सकाळी मोजला. बंब कधीच मोडीत गेला, पण पितळी बादली माळ्यावर होती. हौदाइतकं गार पाणी मिळावं म्हणून फ्रीजमधल्या बाटल्या ओतल्या. वर गीझरचं पाणी कडेकडेनं सोडलं, तसंच, न ढवळता. दोन थर्मामीटर लावले, एक तळाशी, एक वर. तळाचा अडतिसावर येईपर्यंत थांबले. वरचा त्रेसष्ट दाखवत होता. मी बोट बुडवलं आणि ओरडले. मंजू धावत आली. एक बोट, आत्याबाई, तेही क्षणभर! तुम्ही तांब्याभर ओतून घेतलं होतंत. माझ्या शब्दावर.

आणि तो तांब्या तुम्ही आधी स्वतःवर घेतला नसता तर? ह्याच्या पुढे मला विचार करवत नाही.

तुम्हाला वचन देते. सोमवारी मी ती बादली वर्गात नेणार आहे. दोन थर्मामीटर लावून पोरांना दोन्ही आकडे फळ्यावर लिहायला सांगेन, मग ढवळून तिसरा. तापमान सरासरी असतं, पण ती सरासरी कुणाची, ते विचारल्याशिवाय आकड्यावर विसंबायचं नाही, हे सांगेन. आणि हे मला कुणी शिकवलं, ते तुमचं नाव घेऊन सांगेन. चूक कुणाची, तेही. माझी फजिती ऐकून हसायचं असेल तर पोटभर हसा म्हणेन. जुन्या विद्यार्थ्यांपैकी जो भेटेल त्यालाही सांगेन, गुलमंडीतल्या त्या गल्ल्यापासून सुरुवात करून. निवृत्तीला तीन वर्षं आहेत. जमेल तेवढ्या वह्यांमधली ती चौकट खोडायची आहे मला.

मला माहीत आहे, कुणीतरी पोरगी हात वर करून विचारणारच, "मॅडम, एवढं भाजलं तर त्या आजी ओरडल्या का नाहीत?"

तो प्रश्न मी टाळणार नाही. सांगेन, "त्या ओरडल्या असत्या, तर आज मी तुमच्यासमोर उभी नसते."

तुमची सून,
विजया